बायसनचा टॅग: बाहेरच्या राज्यातल्या माणसाने सोडतीत कसं उतरावं

अमेरिकेत मोकळ्या रानातल्या बायसनची शिकार करायची तर बंदूक, पैसा आणि रजा या गोष्टी नंतरच्या. आधी हवा टॅग. टॅग म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याने एका माणसाच्या नावावर, ठरलेल्या भागासाठी, ठरलेल्या तारखांसाठी आणि एकाच जनावरासाठी दिलेली परवानगी. तो दुकानात मिळत नाही, ओळखीने मिळत नाही. सोडतीत नाव निघावं लागतं, आणि तुम्ही त्या राज्याचे रहिवासी नसाल तर ते निघणं आणखी अवघड.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा बायसन म्हणजे आपला राधानगरी-दाजीपूरचा गवा नव्हे. गवा निराळा प्राणी, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याच्या शिकारीचा प्रश्नच येत नाही. इथे विषय आहे तो उत्तर अमेरिकेतल्या बायसनचा आणि तिथल्या कायदेशीर, सरकारने आखून दिलेल्या शिकारीचा. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथले बरेच मराठी लोक आता हरणांच्या हंगामात सहकाऱ्यांबरोबर रानात जातात. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी डोक्यात बायसन येतोच, आणि मग चार राज्यांच्या नियमपुस्तिका उघडल्यावर डोकं गरगरतं. हा लेख त्यांच्यासाठी, आणि नुसत्या कुतूहलाने वाचणाऱ्यांसाठीही.

टॅग इतके कमी का? एकोणिसाव्या शतकात या प्राण्याची जी कत्तल झाली, तिच्यामुळे कोट्यवधींच्या कळपांतून शतक संपता संपता जेमतेम काही शेकडा उरले. आज अमेरिकेत बायसनची संख्या पुन्हा मोठी दिसते, पण त्यातले बहुतेक खाजगी रँचवरचे, कुंपणातले. कायद्याच्या दृष्टीने ते पाळीव जनावरच. सार्वजनिक जमिनीवर मोकळे फिरणारे कळप हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि तेही वाढले की शेजारच्या गोठेवाल्यांची कुरबुर सुरू होते, कारण चारा तोच, पाणी तेच, आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात गुरांना आणि माणसांनाही लागू शकणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाची भीती. म्हणून खातं दरवर्षी कळप मोजतं, किती जनावरं जास्त झाली ते ठरवतं आणि तेवढेच टॅग काढतं. उदाहरणार्थ युटामधला हेन्री माउंटन्सचा कळप. १९४१ साली यलोस्टोनहून १८ बायसन आणून तो सुरू झाला. शिकारीचा हंगाम आटोपल्यावर तिथे सुमारे ३२५ जनावरं उरावीत, असं उद्दिष्ट आहे. एवढ्याशा कळपातून दरसाल किती टॅग निघणार, याचा अंदाज करायला तज्ज्ञ लागत नाही.

आता 'नॉन-रेसिडेंट' कोण? इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. याचा नागरिकत्वाशी संबंध नाही. तुम्ही अमेरिकन नागरिक असाल, वीस वर्षं न्यू जर्सीत घर असेल, तरी वायोमिंगसाठी तुम्ही बाहेरचेच. युटा आणि ॲरिझोनात रहिवासी ठरायला साधारण सहा महिने, मोंटानात १८० दिवस, वायोमिंग आणि अलास्कात पूर्ण वर्ष सलग राहावं लागतं. तिथे एखादं घर विकत घेऊन ठेवलं म्हणून भागत नाही. खोटा पत्ता देऊन रहिवासी म्हणून अर्ज करणं हा गुन्हा आहे, आणि तशा टॅगवर मारलेलं जनावर राज्याबाहेर नेलं तर लेसी ॲक्ट हा केंद्रीय कायदा मागे लागतो.

बाहेरच्यांचा वाटा बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांच्या आसपास. पण दहा टक्के आणि दहा टक्के यांतही फरक असतो. युटात साधारण दहा टक्के टॅग बाहेरच्यांसाठी वेगळे काढले जातात. वायोमिंगने २०२२च्या कायद्याने बायसनसह पाच मोठ्या प्राण्यांसाठी ९० टक्के रहिवाशांना, १० टक्के बाहेरच्यांना अशी वाटणी केली. ॲरिझोना आणि मोंटानात मात्र दहा टक्के ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. बाहेरच्यांना जास्तीत जास्त तेवढे जातील, कमीही जातील. एखाद्या भागात एकूण आठच टॅग असतील तर दहा टक्क्यांचा हिशोब शून्यावरही येऊ शकतो. म्हणून अर्ज करण्याआधी त्या विशिष्ट हंटच्या (म्हणजे ठरलेला भाग आणि ठरलेल्या तारखा असलेल्या शिकारीच्या) क्रमांकापुढे बाहेरच्यांचा आकडा काय छापलाय, ते पाहायचं. राज्याची एकूण बेरीज बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

सोडतीचा प्रकार राज्यागणिक बदलतो, आणि खरा गुंता इथेच आहे. अलास्का आणि वायोमिंगमध्ये बायसनसाठी पॉइंटची भानगड नाही. सगळ्यांची नावं एकाच टोपलीत. पहिल्यांदा अर्ज करणारा आणि तीस वर्षं करत आलेला, दोघांची शक्यता सारखी. युटा आणि ॲरिझोनात बोनस पॉइंट आहेत. सोडतीत नाव आलं नाही की पुढच्या वर्षासाठी एक पॉइंट जमा. युटात अर्धे टॅग सर्वात जास्त पॉइंट असलेल्यांना जातात आणि उरलेले अर्धे सर्वांमध्ये. ॲरिझोनात २० टक्के टॅग आधी सर्वात जास्त पॉइंटवाल्यांच्या फेरीत निघतात.

'सर्वांमध्ये' म्हटलं तरी तिथेही पॉइंटचं वजन असतंच. ते कसं, ते नीट बघा. संगणक प्रत्येक अर्जाला एक यादृच्छिक आकडा देतो, आणि शिवाय प्रत्येक पॉइंटमागे आणखी एक. तुमच्या वाट्याला आलेल्या आकड्यांपैकी सर्वात लहान आकडा तुमचा. मग सगळ्या अर्जदारांना लहान आकड्यापासून चढत्या क्रमाने रांगेत लावतात आणि टॅग संपेपर्यंत वाटतात. म्हणजे २० पॉइंटवाल्याला २१ आकडे मिळतात, नव्याला एक.

समजा (आकडे माझे, हिशोबापुरते) एका हंटमध्ये बाहेरच्यांसाठी ४ टॅग आहेत आणि २,००० बाहेरचे अर्जदार. दोन टॅग सर्वोच्च पॉइंटवाल्यांकडे गेले. उरलेल्या दोनांसाठी सगळे भांडताहेत. सरासरी माणसाकडे ९ पॉइंट, म्हणजे १० आकडे असतील तर एकूण आकडे झाले २०,०००. तुमच्याकडे एकच. तुमची शक्यता साधारण दहा हजारात एक. २० पॉइंटवाल्याची पावणेपाचशेत एक. आता तेच ४ टॅग आणि तेच २,००० अर्जदार पॉइंट नसलेल्या राज्यात ठेवा. तुमची शक्यता पाचशेत एक. नव्या माणसाला एका ठिकाणी दहा हजारात एक आणि दुसऱ्या ठिकाणी पाचशेत एक, आणि गंमत म्हणजे पॉइंटच्या राज्यात वीस वर्षं घालवून तो जिथे पोहोचेल, तिथे पॉइंट नसलेल्या राज्यात तो पहिल्याच दिवशी उभा असतो.

त्यात आणखी एक मेख. पॉइंट सगळ्यांचेच दरवर्षी एकाने वाढतात. युटातली ही पद्धत नव्वदच्या दशकातली. तेव्हापासून जे रांगेत आहेत ते तुमच्या पुढेच राहणार. त्यांच्यातला एखादा टॅग घेऊन बाहेर पडेल किंवा म्हातारपणाने सोडून देईल, तेव्हाच तुमचा क्रमांक वर सरकणार. चाळिशीत पहिला पॉइंट घेणाऱ्याने सर्वोच्च पॉइंटच्या फेरीची स्वप्नं बघू नयेत, असं माझं स्पष्ट मत. त्याने युटात अर्ज करावा तो उरलेल्या अर्ध्यांतल्या नशिबासाठी. मुलगा बारा-चौदा वर्षांचा असेल आणि त्याला आवड असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या नावाने पॉइंट साठवायला लागणं शहाणपणाचं.

पैशाचं गणितही प्रकाराप्रमाणे बदलतं. म्हाडाच्या सोडतीत जशी अनामत रक्कम भरून ठेवावी लागते आणि नाव निघालं नाही की परत येते, तसंच वायोमिंगचं आहे, फरक एवढाच की इथे अनामत नाही, टॅगची पूर्ण रक्कम आधी भरायची. २०२२च्या त्याच कायद्याने बाहेरच्यांसाठी नर-मादी कुठलाही बायसन मारण्याचा परवाना ६,००० डॉलर केला, आणि मादी किंवा वासराचा २,७५०. नाव निघालं नाही तर अर्जाचं शुल्क सोडून बाकी परत. पण तोवर काही आठवडे-महिने सहा हजार डॉलर अडकलेले. क्रेडिट कार्डावर भरले असतील तर व्याजाचा विचार आपला आपण करावा.

ॲरिझोनात उलट. तिथे टॅगचे पैसे नाव निघाल्यावरच कापतात. नराच्या टॅगला बाहेरच्या माणसाला ५,४१५ डॉलर पडतात. पण अर्ज करायचा तर आधी शिकारीचा वार्षिक परवाना घ्यावाच लागतो, तो १६० डॉलर, आणि अर्जाचे १५. हे १७५ डॉलर परत येत नाहीत. वीस वर्षं धरा, ३,५०० डॉलर झाले, आणि हातात टॅग असेलच असं नाही. त्या परवान्यावर ससे, लाव्हे वगैरे छोटी शिकार करता येते आणि इतर प्राण्यांच्या सोडतीतही उतरता येतं, म्हणून तो अगदीच वाया जात नाही. पण तुम्ही बोस्टनला बसून फक्त बायसनसाठी तो घेत असाल तर ते पैसे पाण्यात गेलेलेच समजा. ॲरिझोनात सलग पाच वर्षं अर्ज केला की निष्ठेचा म्हणून एक जास्तीचा पॉइंट मिळतो, राज्याचं शिकारी प्रशिक्षण पुरं केलं की कायमचा आणखी एक. आणि सलग पाच वर्षं अर्जच केला नाही तर साठवलेलं सगळं शून्य.

अलास्का यात सर्वात स्वस्त. बायसनच्या अर्जाला १० डॉलर, शिकारीचा परवाना १६० आणि नाव निघालं तरच टॅगचे ९००. वर तिथे पॉइंट नाहीत. मला विचाराल तर नव्या माणसाने सुरुवात अलास्कापासून करावी, पुढे वायोमिंग, आणि हौस उरली तर युटा. ॲरिझोना मी सगळ्यात शेवटी ठेवतो, आणि त्याला शक्यतेखेरीज दुसरंही कारण आहे.

टॅग निघाला म्हणजे बायसन मिळाला असं नव्हे. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांचं सगळं लक्ष सोडतीच्या शक्यतेवर असतं. दुसरी शक्यता कुणी मोजत नाही: हंगामात जनावर रेषेच्या अलीकडे असेल की पलीकडे? मोकळ्या कळपांच्या आसपास कुठे ना कुठे एक रेषा असतेच. राष्ट्रीय उद्यानाची हद्द, खाजगी शेताचं कुंपण, आदिवासी जमातींची राखीव जमीन. तुमचा टॅग रेषेच्या एका बाजूला चालतो. बायसनला रेषा दिसत नाही, पण गोळीचे आवाज कुठे होतात आणि कुठे होत नाहीत हे त्याला फार लवकर कळतं.

ॲरिझोनातलं हाउस रॉक याचं उत्तम उदाहरण. १९०६च्या सुमारास चार्ल्स 'बफेलो' जोन्स नावाच्या माणसाने ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेकडच्या या प्रदेशात बायसन आणले. गायींशी संकर करून काटक जनावर निपजेल अशी त्याची कल्पना होती. धंदा बसला, कळप उरला. पुढे राज्याने तो ताब्यात घेतला आणि शिकार ठेवली. कालांतराने कळप हाउस रॉकच्या खोऱ्यातून वर कायबाबच्या पठारावर चढला आणि ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या आत जाऊन बसला. तिथे शिकार नाही, गवत आहे, पाणी आहे. मग टॅगवाले बाहेर, बायसन चाटायला येतील म्हणून ठेवलेल्या मिठाच्या ढेपांपाशी आणि पाणवठ्यांवर दिवसचे दिवस टेहळणी करत बसतात आणि बायसन आत निवांत. शेवटी आत संख्या इतकी वाढली की उद्यानालाच ती कमी करण्याची वेळ आली. २०२१ साली त्यांनी कुशल स्वयंसेवकांकडून काही बायसन मारून घेण्याचा प्रयोग केला. जागा १२. अर्ज आले ४५,०००हून जास्त. त्या बाराजणांनी मिळून मारले चार. सोडतीत जिंकणं आणि जनावर हाती लागणं यातलं अंतर समजायला याहून बोलका दाखला नाही.

मोंटानात रेषा यलोस्टोनची. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गार्डिनर आणि वेस्ट यलोस्टोन या दोन गावांच्या बाजूंना शिकार असते, पण उद्यानातून बायसन बाहेर येणार की नाही हे बर्फ ठरवतं. २०२२-२३च्या कडक हिवाळ्यात ते लोंढ्याने खाली उतरले आणि हजाराहून अधिक मारले गेले, त्यातले बहुतेक ज्यांना जुन्या तहांनी शिकारीचा हक्क आहे अशा आदिवासी जमातींच्या शिकाऱ्यांकडून. पुढचा हिवाळा सौम्य गेला, तर फार थोडे बाहेर आले. १,२५० डॉलरचा टॅग खिशात घेऊन माणूस गार्डिनरच्या मोटेलात बर्फाची वाट बघतोय, हे तिथे नेहमीचं. शिवाय गार्डिनरजवळचा बीटी गल्च हा अरुंद पट्टा. तिथे एकाच वेळी इतके लोक दबा धरून असतात की त्याला शिकार म्हणावं का, यावर तिथलेच लोक भांडतात. मी तरी तिथे जाण्यासाठी अर्ज करणार नाही.

वायोमिंगचा जॅक्सन कळप काही काळ ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात असतो आणि हिवाळ्यात नॅशनल एल्क रेफ्यूज या एल्क हरणांसाठी राखलेल्या क्षेत्रावर उतरतो. इथेही लवकर आलेला बर्फ तुमचा मित्र. आणि एक स्थानिक अट लक्षात ठेवा: वायोमिंगमध्ये जाहीर केलेल्या वाइल्डरनेस क्षेत्रात (म्हणजे रस्ते-वस्ती नसलेल्या संरक्षित रानात) बाहेरच्या माणसाला मोठी शिकार करायची असेल तर परवानाधारक गाइड किंवा तिथला रहिवासी सोबती हवाच. अलास्कात डेल्टा जंक्शनच्या कळपाचं गणित शेतीचं. १९२८ साली मोंटानाहून आणलेल्या बायसनपासून वाढलेला हा कळप बार्लीच्या शेतांत घुसतो, म्हणून तो हंगामात खाजगी शेतांवर सापडण्याची शक्यता बरीच, आणि शेतकऱ्याची परवानगी मिळवणं हे तुमचं काम. त्या मानाने युटाचे हेन्री माउंटन्स सरळ. जमीन बहुतांश सार्वजनिक, उद्यानाची सावली नाही. फक्त डोंगर उंच, रस्ते कच्चे, आणि जवळचं गाव म्हणजे इवलंसं हँक्सव्हिल.

टॅग बहुतेक वेळा नराचा की मादीचा हे ठरवून देतात, आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात: तपकिरी, दाढीवाले, मदार असलेले. आकारावरून ठरवायला जाल तर फसाल, कारण तरुण नर आणि वयस्क मादी एकाच मापाच्या असतात. बघायचं ते शिंग. नराचं शिंग बुडाशी जाडजूड, डोक्याच्या बाजूने निघून वर जाणारं. मादीचं बारीक, आणि टोकं आत वळलेली. नराच्या कपाळावर केसांचा असा झुपका असतो की डोकं रुंद त्रिकोणी दिसतं. मादीचं तोंड अरुंद, त्यामुळे तिचे डोळे बाजूला बाहेर आल्यासारखे वाटतात. कळपात पन्नास जनावरं एकमेकांना खेटून उभी असताना हे ओळखायचं, आणि आपल्या जनावराच्या मागे दुसरं उभं नाही ना, हेही पाहायचं. युटात 'कुठलाही' बायसनचा टॅग निघाला की पुन्हा आयुष्यात नाही, म्हणून घाई करणाऱ्याला नंतर फार वेळ मिळतो पस्तावायला.

आता मराठी वाचकांपैकी बऱ्याच जणांना लागू पडणारी गोष्ट. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकन केंद्रीय कायद्याने एरवी बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना जवळ असणं. मुदत संपली की अपवादही संपला. चूक झाली तर नुसता दंड होऊन थांबत नाही, इमिग्रेशनवर येतं. त्यामुळे मित्राची रायफल हातात घेण्याआधीही वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. अलास्कात आणखी एक कलम आहे: अमेरिकेचा रहिवासी नसलेला परदेशी नागरिक, म्हणजे पुण्याहून केवळ शिकारीसाठी आलेला माणूस, कुठल्याही मोठ्या प्राण्याची शिकार गाइडशिवाय करू शकत नाही आणि त्याचा बायसनचा टॅग १,३०० डॉलरला पडतो. गाइडची फी त्यापुढे कित्येक पट.

शिकारी प्रशिक्षणाचं कार्ड आधी काढून ठेवा. युटा आणि वायोमिंगमध्ये १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते लागतं, मोंटानात १९८५नंतरच्यांना. तुमच्या राज्यात काढलेलं कार्ड दुसरीकडे चालतं, पण वर्गांतल्या जागा लवकर भरतात. आणि जनावर पडल्यावरचं काम कमी लेखू नका. मोठा नर नऊशे किलोपर्यंत भरतो, मादी साधारण त्याच्या निम्मी. ते जागेवरच सोलून, तुकडे करून, पाठीवर किंवा घोड्यावर रस्त्यापर्यंत आणायचं असतं. यलोस्टोन-जॅक्सनच्या बाजूला ब्रुसेलोसिसमुळे हातमोजे घालूनच कापायचं आणि मांस पूर्ण शिजवायचं. मांसात चरबी कमी, त्यामुळे मोठ्या आचेवर ते पटकन चिवट होतं. मंद आचेवर, झाकण ठेवून, वेळ देऊन केलेला रस्सा मात्र फक्कड जमतो. फ्रीझर नसेल तर शेजाऱ्यांशी आत्तापासून गोड बोलायला लागा.

अर्जाचं वर्ष असं फिरतं: अलास्काची मुदत नोव्हेंबर-डिसेंबरात, १५ डिसेंबरला बंद. युटा आणि वायोमिंग वसंतात. मोंटाना १ मे. ॲरिझोना वर्षातून दोनदा, जूनमध्ये येत्या शरद ऋतूतल्या (फॉल) हंगामासाठी आणि ऑक्टोबरात वसंताच्या हंगामासाठी. शुल्क आणि तारखा बदलत राहतात, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षाचीच नियमपुस्तिका उघडावी. युटात बायसनसाठी मित्रांचा गट करून अर्ज करता येत नाही, ज्याचा त्याने. ॲरिझोनात अर्जासोबत पॉइंटगार्ड नावाची जोडसेवा घेतली तर ऐनवेळी जाणं जमलं नाही तरी टॅग परत करून पॉइंट वाचवता येतात. नोकरीचा भरवसा नसलेल्यांनी ती घ्यावीच. आणि निकालाच्या आठवड्यात क्रेडिट कार्ड चालू आहे ना, त्याची मर्यादा पुरेशी आहे ना, बँकेने पाच हजार डॉलरचा व्यवहार संशयित म्हणून अडवणार नाही ना, हे तपासून ठेवा. पैसे कापायच्या वेळी कार्ड नाकारलं गेलं तर निघालेला टॅग हातचा जाऊ शकतो.